पीसीओएस : आधी वजन वाढते की आधी हार्मोन्स बिघडतात?

टिळकवाडीकरीण
माझा आणि माझ्या मावसबहिणीचा रक्ततपासणीचा अहवाल शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यापासून एक शंका मनात घर करून बसली आहे, ती येथे मांडते. मी ३१ वर्षांची. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, कंबर ९८ सेंटिमीटर. ती खानापूरची, २६ वर्षांची. उंची १५६, वजन ५२ किलो, कंबर ८२. पाळी दोघींचीही अनियमित आहे. माझी दोन-अडीच महिन्यांनी येते, तिची चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी. हनुवटीवरच्या केसांचा त्रास दोघींना आहे. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन दोघींचेही ठीक आहे, आणि निदान एकच झाले आहे : पीसीओएस, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्स यांचा बिघाड.

आता आकडे पाहा. एलएच आणि एफएसएच ही अंडाशयांना इशारा देणारी हार्मोन्स, आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन. पाळीच्या तिसऱ्या दिवशी माझे एलएच ६.१ आणि एफएसएच ५.८ आले, तिचे एलएच १४.२ आणि एफएसएच ५.६. माझे एकूण टेस्टोस्टेरॉन ४८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, तिचे ६२. म्हणजे कागदावर तिचाच आजार अधिक जोरात दिसतो. असे असताना घरात आणि दवाखान्यात सगळे मलाच सांगतात की वजन उतरव, सारे सुरळीत होईल. आणि तिला सांगतात की तू तर काडीसारखी आहेस, तुला काय धाड भरली आहे, लग्न झाले की पाळी आपोआप मार्गी लागेल. माझा प्रश्न असा की, वजनामुळे हार्मोन्स बिघडतात की हार्मोन्स बिघडल्यामुळे वजन वाढते? वजनामुळेच बिघडत असतील, तर तिचे का बिघडले? अहवालात एसएचबीजी नावाचाही एक आकडा आहे, माझा १८ आणि तिचा ५२. त्याविषयी आम्हाला कोणीच काही सांगितले नाही.

खडक गल्ली
आमच्या घरी कोणत्याही आजाराचे निदान ‘हल्लीच्या पोरी मोबाइल फार बघतात’ येथे येऊन थांबते. त्या मानाने तुमचे नातेवाईक वजनापर्यंत तरी पोहोचले आहेत, हे लक्षात घ्यावे.

संकेश्वरकर
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आमच्या आजीच्या काळात बायका पहाटे उठून दळण दळत, विहिरीचे पाणी ओढत आणि जोंधळ्याची भाकरी खात. तेव्हा हे पीसीओएस कोणी ऐकले नव्हते. आज बेकरीचे पदार्थ, शीतपेये आणि बसून राहणे एवढेच त्याचे कारण आहे. वजन आटोक्यात आणले की आजार जातो, असे मी स्वतःच्या पुतणीच्या बाबतीत पाहिले आहे.

घटप्रभेकाठची डॉक्टर
आजीच्या काळात ऐकले नव्हते, हे खरे. परंतु त्या काळात अंडाशयांची सोनोग्राफी करणारे यंत्र नव्हते, आणि ज्या बाईला मूल होत नसे तिच्या आजाराला नाव देण्याऐवजी तिलाच नावे ठेवली जात. शिकागोचे स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी १९३५ साली सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा आजार वैद्यकाच्या पुस्तकात आहे. शीतपेयांनी त्यात भर घातली असेल, पण जन्म दिलेला नाही.

टिळकवाडीकरीण ताई, तुम्हाला तपासल्याशिवाय मी औषधाविषयी काही लिहिणार नाही. तुमचे आकडे मात्र या आजाराची घडण समजून घेण्यासाठी इतके बोलके आहेत की, त्यांच्यावर थोडे विस्ताराने लिहिते.

आधी एलएच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हे संप्रेरक सलग सोडत नाही, ठरावीक अंतराने लहान लहान उसळ्यांत सोडते. पीसीओएसमध्ये या उसळ्या जलद होतात, म्हणून एलएच चढते आणि अंडाशयातील थीका पेशींना पुरुषी संप्रेरके अधिक बनवण्याचा इशारा मिळत राहतो. वजन जसजसे वाढते, तसतशी या उसळ्यांची उंची कमी होत जाते. त्यामुळे स्थूल स्त्रीचे एलएच पुष्कळदा सामान्य दिसते आणि सडपातळ स्त्रीचे चढलेले दिसते. एलएच एफएसएचच्या दुप्पट आले म्हणजे पीसीओएस आणि नाही आले म्हणजे नाही, हा जुना आडाखा म्हणूनच निदानाच्या निकषांत धरला जात नाही. तुमचे एलएच कमी आहे याचा अर्थ तुमचा आजार सौम्य आहे, असा होत नाही.

आता इन्सुलिन. वजन वाढलेल्या शरीरात, विशेषतः पोटाच्या आत आणि यकृतात चरबी साठलेल्या शरीरात, पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात आणि स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडू लागते. स्नायू या इन्सुलिनला जुमानत नाहीत, परंतु अंडाशय जुमानतात. तेथे इन्सुलिन एलएचचा जोडीदार होऊन टेस्टोस्टेरॉनची निर्मिती वाढवते. त्याच वेळी यकृतात ते एसएचबीजी हे प्रथिन बनण्यावर लगाम घालते. रक्तातील बहुतांश टेस्टोस्टेरॉन या आणि इतर प्रथिनांना चिकटलेले असते. दावणीला बांधलेले जनावर पिकात शिरत नाही, तसे ते केसांच्या मुळांपर्यंत जाऊन काम करू शकत नाही. दावणीच कमी पडल्या तर गुरांची एकूण संख्या तेवढीच राहूनही मोकाट सुटलेली वाढतात. तुमचे एकूण टेस्टोस्टेरॉन बहिणीपेक्षा कमी असूनही हनुवटीवर केस का, याचे उत्तर त्या १८ या आकड्यात आहे.

लॅबवाला, शहापूर
डॉक्टरीणबाईंनी जे सांगितले, त्याचे गणित मी मांडून दाखवतो, कारण आमच्याकडे अहवाल न्यायला येणाऱ्या दहांतल्या नऊ जणी फक्त ठळक अक्षरांतला आकडा पाहून घाबरतात किंवा निश्चिंत होतात.

नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमधील टेस्टोस्टेरॉनला २८.८ ने भागले की ते नॅनोमोल प्रति लिटरमध्ये येते. टिळकवाडीकरीण यांचे ४८ म्हणजे साधारण १.६७, बहिणीचे ६२ म्हणजे साधारण २.१५. या आकड्याला एसएचबीजीने भागून १०० ने गुणले की मुक्त अँड्रोजन निर्देशांक मिळतो. त्यांचा येतो ९.३ आणि बहिणीचा ४.१. एकूण टेस्टोस्टेरॉन पाहिले तर बहीण पुढे होती. मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा अंदाज पाहिला तर त्या स्वतः दुपटीहून पुढे आहेत. नेहमीच्या छापील अहवालात हा निर्देशांक बहुधा येत नाही, कारण एसएचबीजीची तपासणी वेगळी सांगावी लागते आणि तिचे पैसे वेगळे पडतात.

या निमित्ताने आणखी तीन गोष्टी सांगतो. एक, काही लॅब टेस्टोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, तेथे ०.४८ म्हणजेच येथील ४८. बेळगावचा आणि कोल्हापूरचा अहवाल शेजारी ठेवून ‘शंभरपट उतरले’ म्हणून पेढे वाटायला निघालेली मंडळी मी पाहिली आहेत. दुसरे, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना किंवा नुकत्याच थांबवलेल्या असताना पुरुषी संप्रेरकांची तपासणी करू नये, कारण त्या गोळ्या एसएचबीजी भरपूर वाढवतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या थांबवून तीन महिने जाऊ द्यावे लागतात. तिसरे म्हणजे बायोटिन. केस गळतात म्हणून पुष्कळ मुली या गोळ्या घेतात आणि सांगत नाहीत. अनेक यंत्रांवरच्या तपासण्या बायोटिनच्याच रसायनावर चालतात. त्यामुळे टेस्टोस्टेरॉन खोटे वाढलेले आणि थायरॉइडचे टीएसएच खोटे कमी आलेले दिसू शकते. रक्त देण्यापूर्वी ते किती दिवस बंद ठेवायचे, हे मात्रेनुसार ठरते. पण घेत असल्याचे सांगणे तरी आपल्या हाती आहे.

खडक गल्ली
पेढे वाटणाऱ्यांचा उल्लेख अनावश्यक होता. बेळगावात कुंदा वाटतात.

निपाणीची आई
माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. पाळी सुरू होऊन दीड वर्ष झाले आणि ती अजून बेभरवशाची आहे. पोटात दुखते म्हणून सोनोग्राफी केली, तर अहवालात दोन्ही अंडाशयांत बारीक बारीक गाठी असल्याचे लिहून आले. वजन वयाच्या मानाने थोडे जास्त आहे. तेव्हापासून तिच्या आजीने तिचा भात बंद केला आहे आणि मुलगी ताटावरून रडत उठते. हा धागा वाचून अधिकच धास्तावले. आताच औषध सुरू करावे का?

घटप्रभेकाठची डॉक्टर
काकू, आधी तिचा भात तिला परत द्या.

पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या एक ते तीन वर्षांत ती एकवीस ते पंचेचाळीस दिवसांच्या अंतराने येणे हे वाढीच्या क्रमात बसते. या वयात अंडाशयात अनेक लहान बीजकोश दिसणे सर्वसामान्य आहे. त्या गाठी नव्हेत, न पिकलेल्या बीजांच्या पिशव्या आहेत. म्हणूनच पाळी सुरू होऊन आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीच्या किंवा एएमएचच्या (बीजकोशांच्या संख्येचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीच्या) आधारे पीसीओएसचे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मोठ्या स्त्रियांमध्ये २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र या तिन्हींपैकी दोन पुरतात. २०२३ पासून सोनोग्राफीऐवजी एएमएचही चालते. किशोरवयीन मुलीत मात्र पहिल्या दोन्ही गोष्टी हव्यात. मुलीला अंगावर दाट केस, औषधाने न हटणारे मुरूम किंवा तीन महिन्यांहून अधिक काळ पाळी न येणे यांपैकी काही असेल, तर दाखवा. नसेल, तर पाळीच्या तारखा लिहून ठेवायला शिकवा आणि वजनावरून तिला टोचून बोलणे घरातून बंद करा. डाएटच्या नावाखाली उपाशी राहण्याची सवय या वयात लागली, तर ती पुढे पीसीओएसपेक्षा अधिक छळते.

जीवशास्त्र शिक्षिका
मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळते : बारीक मुलीला का?

वजन आणि चरबी यांना आपण एकच समजतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एक छायाचित्र २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर वरून बारीक आणि आतून मेदयुक्त असू शकते, हे याहून नेमके सांगता येणार नाही. बीएमआय २५ च्या खाली म्हणजे सारे ठीक, ही रेघ आपल्यासाठी नाही. आपल्याकडे २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता मानली जाते, आणि स्त्रियांच्या कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर धरतात. खानापूरच्या बहिणीचा बीएमआय २१.४ आहे, पण कंबर ८२ आहे. ती केवळ वजनकाट्यावर बारीक आहे.

याखेरीज, अमेरिकेतील अँड्रिया ड्युनेफ यांनी १९८९ साली दाखवले की पीसीओएस असलेल्या स्त्रियांत इन्सुलिनला होणारा विरोध स्थूलतेवाचूनही असतो. स्थूलता असेल, तर दोन्हींची बेरीज होते. म्हणजे एक घटक आजाराचा स्वतःचा आहे आणि दुसरा वजनाचा. टिळकवाडीकरीण यांच्यात दोन्ही आहेत, बहिणीत पहिला असण्याची शक्यता अधिक.

संकेश्वरकर
म्हणजे शेवटी स्थूलता भर घालते हे आपण मान्य केलेत. मग मी वेगळे काय म्हटले होते?

जीवशास्त्र शिक्षिका
तुम्ही ‘एवढेच त्याचे कारण’ असे म्हटले होते, दादा. भर घालणे आणि एकमेव कारण असणे यांत अंतर आहे.

तरीही तुमच्या बाजूचा एक पुरावा मीच देते, कारण तो दडवणे बरे नव्हे. ज्यांना जन्मतः वजन वाढवणारी जनुके अधिक मिळाली आहेत, अशा स्त्रियांत पीसीओएसही अधिक आढळतो. उलट, पीसीओएसची जनुके असलेल्यांत वजन वाढतेच, असे त्याच पद्धतीच्या अभ्यासांत ठळकपणे दिसत नाही. म्हणजे ‘आधी काय’ एवढेच विचारले, तर बाण वजनाकडून हार्मोन्सकडे जास्त ठाम जातो. मात्र हा लोकसमूहाचा हिशेब आहे. एखाद्या बाईच्या शरीरात चक्र एकदा फिरू लागले की चरबीच्या पेशीही टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात, ते टेस्टोस्टेरॉन चरबी पोटाभोवती साठण्यास हातभार लावते आणि त्यातून इन्सुलिन आणखी चढते. तिला ‘आधी काय’ याचे उत्तर मिळूनही फारसा उपयोग नसतो; चक्र कोठे अडवता येईल, हे तिला हवे असते.

येळ्ळूरची सून
मी शेतात राबणारी बाई आहे. भातलावणी, भांगलण, म्हशीचे करणे, सारे करते, आणि तरीही माझे वजन ७० च्या खाली येत नाही. एका दवाखान्यात मला विचारण्यात आले की, दिवसभर काय बसून असता का? त्या दिवशी उत्तर द्यायचे सुचले नाही, म्हणून येथे लिहिते.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी वजनाचे नावच काढले नाही. त्यांनी मी काय खाते ते सविस्तर विचारले. सकाळी दोन वेळा साखरेचा चहा आणि त्याबरोबर खारी, दुपारी भाताचा डोंगर आणि वर पातळ आमटी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री उशिरा पुन्हा भात. त्यांनी भात बंद करायला सांगितले नाही. एका वेळी भाकरी आणि भरपूर उसळ, भाताआधी भाजी, चहात साखर नाममात्र, आणि रात्रीचे जेवण लवकर, एवढेच बदल सांगितले. सुरुवातीला वजन तसूभरही हलले नाही, पण कंबर कमी झाली आणि पाळी दोन महिन्यांवरून पस्तीस दिवसांच्या आसपास आली. काटा न हलता पाळी हलते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर मी मधली काही वर्षे स्वतःला दोष देत बसले नसते.

घटप्रभेकाठची डॉक्टर
येळ्ळूरच्या वहिनींनी लिहिले आहे ते अनेकींच्या बाबतीत खरे ठरते. वजन पाच ते दहा टक्के उतरले तरी पाळी, बीज सुटणे आणि टेस्टोस्टेरॉन यांत सुधारणा दिसू शकते. टिळकवाडीकरीण यांच्यासाठी पाच टक्के म्हणजे चार किलोंच्या आत. साठ किलोंवर आल्याशिवाय काही होणार नाही, असे त्यांना कोणी सांगितले असेल तर ते निराधार आहे. त्याच वेळी आहार आणि व्यायाम यांचा फायदा वजन न उतरताही इन्सुलिनला होतो, म्हणूनच बारीक मुलींनाही तोच सल्ला द्यावा लागतो. कोणता एक आहार इतरांपेक्षा सरस आहे, असे आजवर सिद्ध झालेले नाही. जो वर्षभर निभेल तो घ्यावा.

शेतातल्या कष्टांविषयी : ते कष्ट व्यायामातच जमा होतात, मात्र हंगामी असतात. सुगीत बाई दिवसभर वाकलेली असते आणि पुढे दोन-तीन महिने तेवढे काम नसते. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम हे प्रमाण वर्षभर सांभाळायचे असते. खानापूर भागात चार महिने पाऊस उसंत देत नाही, तेव्हा चालायला जाणे शक्य नाही हे मलाही ठाऊक आहे; त्यावेळी घरातल्या घरात उठाबशा, भिंतीला हात लावून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे यांनी स्नायूंचे काम भागते. ग्लुकोज सर्वाधिक शोषून घेतात ते स्नायूच.

संकेश्वरकर
साखरेऐवजी गूळ चालतो ना? आमच्याकडे घरचा गूळ आहे, त्यात लोह असते.

लॅबवाला, शहापूर
गुऱ्हाळात आणि कारखान्यात एकाच उसाचा रस जातो. गुळात बहुतांश साखरच असते, आणि त्यातून लोह पुरेसे मिळावे इतका गूळ खाल्ला तर आमच्या लॅबचा धंदा वाढेल.

अनगोळकर
पत्नीच्या वतीने विचारतो. तिला पाळी नियमित करण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या आहेत. आम्हाला पुढच्या वर्षी मूल हवे आहे, मग या गोळ्या कशासाठी? त्यांनी वजन वाढते असेही ऐकले. मेटफॉर्मिन घेऊन वजन उतरवणे बरे नाही का?

घटप्रभेकाठची डॉक्टर
या गोळ्या दोन कामे करतात. एसएचबीजी वाढवून मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी करतात, आणि गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण करतात. पाळी तीन-तीन महिने येत नाही तेव्हा ते अस्तर जाड होत राहते, आणि अनेक वर्षे तसेच चालले तर त्यातून पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून पाळी न येणे ही केवळ गैरसोय मानू नये. गोळ्यांनी वजन फार वाढते, असा ठोस पुरावा नाही, पण रक्तदाब, अर्धशिशी, धूम्रपान आणि रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास या गोष्टी डॉक्टरांना सांगितल्याच पाहिजेत.

मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध आहे, वजन उतरवण्याचे नव्हे. इन्सुलिनचा त्रास कमी करते, वजन थोडेफार उतरते. सुरुवातीला पोट बिघडते आणि दीर्घकाळ घेतल्यास ब १२ जीवनसत्त्व तपासावे लागते. मूल हवे असेल आणि बीज सुटत नसेल, तर आज पहिली निवड लेट्रोझोल आहे. २०१४ साली ७५० स्त्रियांवर झालेल्या अमेरिकन चाचणीत लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के आणि त्याच कामाचे जुने औषध क्लोमिफिन घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. तुम्ही स्वतःची वीर्यतपासणी केली आहे का? अनेक घरांत बायकोची सारी तपासणी संपेपर्यंत नवऱ्याची सुरूच होत नाही.

अनगोळकर
केलेली नाही. या आठवड्यात करतो.

पुण्यातली बेळगावकर
माझ्या ऑफिसात दोघी-तिघी आठवड्याला एक याप्रमाणे सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडचे इंजेक्शन घेत आहेत आणि वजन झरझर उतरते आहे. पीसीओएससाठी हाच सोपा मार्ग नाही का? उगाच उठाबशा कशाला?

घटप्रभेकाठची डॉक्टर
वजन उतरते, आणि त्याबरोबर अनेकींची पाळीही सुधारते. मात्र ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची आहेत, खर्च मोठा आहे, आणि थांबवल्यावर वजन परत येण्याची प्रवृत्ती असते. गरोदरपणात ती घ्यायची नाहीत. येथे एक गफलत होते : वर्षानुवर्षे पाळी नसलेल्या बाईला आपल्याला दिवस जाणारच नाहीत असे वाटत असते, वजन उतरताच बीज सुटू लागते आणि इंजेक्शन चालू असतानाच दिवस जातात. म्हणून सोबत खात्रीचे गर्भनिरोधन लागते. टिर्झेपाटाइड घेताना तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, त्यामुळे निरोध किंवा दुसरा उपाय विचारून घ्यावा. आणि वजन झपाट्याने उतरते तेव्हा स्नायूही झडतात, म्हणून उठाबशा सुटत नाहीत.

खानापूरची धाकटी
जिच्या अहवालाची येथे इतकी चर्चा चालली आहे, ती मीच. अक्काने दुवा पाठवला.

मला आजवर कोणी साखरेची तपासणीच सांगितली नव्हती, कारण मी बारीक आहे. आईला मधुमेह आहे, हेही कोणी विचारले नाही. येथील कंबरेचे वाचून मी स्वतःहून ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी करून घेतली. उपाशीपोटीची साखर ९४ आली आणि दोन तासांनंतरची १५२. अक्काची तपासणी मागेच झाली होती. तिची उपाशीपोटी ९६ आणि दोन तासांनी १२८. आता घरात सगळ्यांचा गोंधळ उडाला आहे. जिला उठता-बसता वजनावरून बोलत होते तिची साखर ठीक, आणि जिला ‘अजून एक पोळी घे’ म्हणून आग्रह करत होते तिची चढलेली. माझे १५२ म्हणजे मधुमेह का?

लॅबवाला, शहापूर
नाही. दोन तासांनंतर १४० च्या खाली सामान्य, १४० ते १९९ मधली अवस्था आणि २०० पासून पुढे मधुमेह. नुसती उपाशीपोटीची साखर केली असती तर तुम्ही सुटला असतात, आणि ही सुटका तुम्हाला महागात पडली असती. उपाशीपोटीचे इन्सुलिन मोजून, इन्सुलिनला होणारा विरोध काढण्यासाठी गुणाकार-भागाकार करण्याची टूम आली आहे. त्यावर पैसे घालवण्यापेक्षा हीच तपासणी बरी.

घटप्रभेकाठची डॉक्टर
धाकट्या ताई, मधली अवस्था आहे, म्हणजे आताच हातात घेण्याची वेळ आहे. वजन उतरवायचे नाही, उलट स्नायू वाढवायचे आहेत : जेवणात उसळ, अंडी, ताक, शेंगदाणे वाढवा आणि ताकदीचे व्यायाम सुरू करा. रक्तातील चरबी आणि रक्तदाब तपासून घ्या. सगळे आकडे घेऊन डॉक्टरांना भेटा, मेटफॉर्मिन द्यायचे की नाही ते त्या ठरवतील. पुढे लग्न होऊन दिवस गेले, तर ही साखर पहिल्याच भेटीत सांगा, गरोदरपणातील मधुमेहाची तपासणी लवकर होईल.

टिळकवाडीकरीण
सगळ्यांचे आभार. मावशीला अहवाल वाचून दाखवला. ‘म्हणजे आता दोघींचेही बंद’ असे म्हणून तिने गोड मांड्यांचा पुडा कपाटावर ठेवला आहे.

एक विचारायचे राहिले. माझ्या एका मैत्रिणीला तो ग्लुकोजचा पेला प्यायला की उलटी होते आणि तपासणी अर्धवट राहते. वजन माझ्याहून जास्त आहे, पाळी वर्षातून तीनदा. तिने काय करावे?

लॅबवाला, शहापूर
पाणी थंड घेऊन त्यात लिंबू पिळावे आणि पाच मिनिटांत हळूहळू संपवावे, बऱ्याच जणींना तसे जमते. तरीही जमले नाही, तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) दोन्ही करावे. ही जोडी तितकी अचूक नाही. रक्त कमी असेल तर एचबीए१सी फसवते, म्हणून हिमोग्लोबिनही त्याच वेळी पाहावे.

घटप्रभेकाठची डॉक्टर
आणि साखर काहीही येवो, पाळी वर्षातून तीनदा असेल तर त्यांनी आधी गर्भाशयाच्या अस्तरासाठी दाखवावे. ते पुढे ढकलू नये.